जन्मजात हातव्यंगात हाडांचे मोजमाप निर्णायक

वालचंदनगर : बाळाचा अंगठा लोंबता असला, बोटे जुळलेली असली किंवा हात मनगटातून वळलेला असला, की पालकांचे लक्ष बाह्य रूपाकडे जाते. शस्त्रक्रिया कोणती व केव्हा करावी, हे मात्र आतील हाडांची लांबी आणि सांध्यांची स्थिती यांवरूनच ठरते.

मोजमाप कसे होते?

दोन्ही हातांचे एक्स-रे सारख्याच अंतरावरून काढतात. व्यंग एकाच हातात असल्यास दुसरा हात हेच प्रमाण मानले जाते. दोन्ही हात बाधित असल्यास वयानुसार लांबीची कोष्टके पाहतात. गार्न व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेली कोष्टके अमेरिकी मुलांच्या मोजमापांवर आधारित असल्याने ती येथे तारतम्यानेच वापरावी लागतात. तान्ह्या बाळाच्या मनगटातील बहुतेक हाडे कूर्चेच्या स्वरूपात असतात व एक्स-रेत दिसत नाहीत. त्यामुळे प्रत्यक्ष तपासणीही तितकीच महत्त्वाची असते.

निर्णय कसा बदलतो?

अपूर्ण वाढलेल्या अंगठ्याचे पाच प्रकार ब्लाउथ यांनी १९६७ मध्ये मांडले. अंगठ्याच्या तळहातातील हाडाचे मूळ व तेथील सांधा शाबूत असल्यास तोच अंगठा बळकट करता येतो. ते नसल्यास बहुधा तर्जनीचे तळहातातील हाड आखूड करून, बोट फिरवून त्याचा अंगठा केला जातो.

कोपरापुढील दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नसल्यास दुसरे हाड, अल्ना, नेहमीच्या लांबीच्या सुमारे ६० टक्केच वाढते. मनगट सरळ करताना अल्नाच्या वाढीच्या टोकास इजा झाल्यास हात आणखी आखूड राहतो. अशा बाळांत हृदय, मूत्रपिंड व रक्ताचे दोषही आढळू शकतात, म्हणून त्या तपासण्या शस्त्रक्रियेपूर्वीच कराव्या लागतात.

अनामिका व करंगळी जुळलेली असल्यास त्यांची लांबी असमान असल्याने मोठे बोट वाकडे होऊ लागते. त्यामुळे ती सहसा पहिल्या वर्षातच सुटी करतात.

पालकांनी काय करावे?

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी व शाळेत तपासणी होते. तथापि, अंगणवाडीच्या तपासणीची वाट न पाहता बाळाला जन्मानंतर लवकरच हाताच्या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांना दाखवावे. वालचंदनगर परिसरातील पालकांसाठी बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व पुण्याचे ससून रुग्णालय ही शासकीय ठिकाणे आहेत. जुने एक्स-रे जपून ठेवावेत. हाडाची वाढ किती झाली, हे त्यांच्याशी तुलना करूनच समजते.