पांगण्याआधीचे तीन महिने

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात प्रभू येशूने बारा जणांची निवड केल्याची हकीकत येते. ह्या निवडीचे दोन हेतू सुवार्तिकाने नोंदविले आहेत. त्यांनी प्रभूच्या सहवासात राहावे, हा पहिला. आणि प्रभूने त्यांना संदेश घोषित करण्यासाठी पाठवावे, हा दुसरा. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. सहवास आधी, पाठवणी नंतर. पुढे सहाव्या अध्यायात प्रत्यक्ष पाठविण्याची वेळ आली तेव्हाही प्रभूने त्यांना एकेकटे न पाठविता दोघादोघांना पाठविले. ख्रिस्तसभेतील सेवा प्रार्थना आणि सहकार्य ह्या दोन खांबांवर उभी राहावी, अशी तिच्या संस्थापकाचीच योजना आहे.

तत्त्व म्हणून हे कोणालाही मान्य होईल. आपल्या धर्मग्रामांत आज मंडळांची वाणही नाही. धर्मग्राम परिषद आहे, अर्थसमिती आहे, लघु ख्रिस्ती समूह आहेत, युवक आणि महिला मंडळे आहेत. परंतु सभेच्या आरंभी 'हे आमच्या स्वर्गातील बापा' आणि अखेरीस 'नमो मरिया' म्हटले की प्रार्थना झाली, आणि मधल्या वेळात बहुमताने ठराव संमत झाला की सहकार्य झाले, असे मानण्याची आपल्याला सवय जडली आहे. मग मतभेद होतात, माणसे दुरावतात, कोणाची बदली होते आणि उभे राहिलेले काम विरून जाते. असे का व्हावे? ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक प्रकरण वारंवार खुणावते. ते १५३९ साली रोममध्ये घडले. संत इग्नेशियस लोयोला आणि त्यांचे सहचर ह्यांनी तीन महिने प्रार्थनेत व विचारविनिमयात घालवून येशूसंघाचा पाया घातला, ते हे प्रकरण होय.

त्याची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. १५२९ साली इग्नेशियस सेंट बार्ब महाविद्यालयात राहावयास आले. पांप्लोना येथील लढाईत १५२१ साली जायबंदी झालेला हा माजी शिपाई तेव्हा चाळिशीला टेकला होता. त्याच खोलीत राहणारे दोन विद्यार्थी अवघे तेवीस वर्षांचे होते. पीटर फेबर हे सॅव्हॉय प्रांतातील शेतकरी कुटुंबातले. लहानपणी त्यांनी मेंढरे राखली होती. फ्रान्सिस झेवियर हे नाव्हारच्या एका उमराव घराण्यातले. फेबर इग्नेशियसना ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान शिकवीत आणि इग्नेशियस फेबरना अंतःकरणाची वाट दाखवीत. ह्या कामी इग्नेशियसनी मुळीच घाई केली नाही. फेबर ह्यांना पूर्ण 'आध्यात्मिक साधना' देण्यापूर्वी त्यांनी सुमारे चार वर्षे वाट पाहिली. झेवियर तर त्याहूनही उशिरा वळले. हळूहळू लायनेझ, साल्मेरॉन, बोबादिया आणि रॉड्रिग्ज हे आणखी चौघे त्यांना मिळाले.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, हे सात जण पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील छोट्या प्रार्थनामंदिरात जमले. त्यांच्यापैकी एकट्या फेबरना त्याच वर्षी गुरुदीक्षा मिळाली होती. त्यांनी मिस्सा अर्पण केली आणि सर्वांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य व जेरुसलेमची यात्रा ह्यांची व्रते घेतली. जेरुसलेमला जाणे न जमल्यास परमगुरूंच्या स्वाधीन व्हावे, असेही ठरले. ह्या वेळी त्यांना ना नियमावली होती, ना प्रमुख, ना संस्थेचे नाव. होती ती एकत्र प्रार्थना, ठरावीक दिवशी पापनिवेदन व पवित्र कम्युनियन, आणि आपापला शिधा घेऊन एकमेकांच्या खोलीवर केलेले साधे जेवण. ह्याच बळावर पुढे आणखी तिघे त्यांना येऊन मिळाले आणि सातांचे दहा झाले.

१५३६ च्या नोव्हेंबरात इग्नेशियस वगळता बाकीचे नऊ जण पॅरिसहून पायी निघाले आणि जानेवारी १५३७ मध्ये व्हेनिसला पोहोचले. इग्नेशियस तेथे त्यांची वाट पाहत होते. त्या वेळी फ्रान्स आणि स्पेन ह्यांच्यात युद्ध जुंपले होते, आणि ह्या टोळीत दोन्ही देशांची माणसे होती. राजे लढत होते. त्यांचे प्रजाजन एका वाटेने प्रार्थना म्हणत चालले होते. व्हेनिसच्या रुग्णालयांत त्यांनी रोग्यांची सेवा केली. तुर्कांशी युद्ध पेटल्याने त्या वर्षी यात्रेकरूंचे जहाज सुटले नाही आणि जेरुसलेमचा बेत अपुरा राहिला. शेवटी नोव्हेंबर १५३८ मध्ये त्यांनी रोम येथे पोप तिसरे पॉल ह्यांच्यापुढे स्वतःला सादर केले. त्याच हिवाळ्यात रोमवर दुष्काळ कोसळला. रस्त्यावर पडलेल्या शेकडो निराश्रितांना त्यांनी आपल्या राहत्या घरात आणले, त्यांना अन्न, ऊब आणि निवारा दिला.

आणि इथेच पेच उभा राहिला. त्यांची कीर्ती पसरली, तशी निरनिराळ्या ठिकाणांहून मागणी येऊ लागली. पोपमहोदयांनी दोघांना सिएना येथे पाठविण्याचे ठरविले. आज दोघे गेले, उद्या आणखी चौघे जातील. दहा वर्षांच्या सहवासातून जुळलेली ही माणसे आता दहा दिशांना पांगणार होती. तेव्हा १५३९ च्या उपवासकाळात त्यांनी स्वतःला दोन प्रश्न विचारले. पांगल्यानंतरही आपण एक देह म्हणून राहावे की नाही? आणि राहायचे, तर आपल्यापैकी एकाच्या आज्ञेत राहण्याचे व्रत घ्यावे की नाही?

पहिल्या प्रश्नावर त्यांचे एकमत लवकर झाले. दिवसा प्रत्येकाने आपापली सेवा करावी, मनाशी विचार करावा आणि रात्री एकत्र बसून आपले मत मांडावे, असा क्रम होता. भिन्न देशांच्या, भिन्न स्वभावांच्या दुर्बळ माणसांना ज्या अर्थी देवाने एकत्र आणले, त्या अर्थी ती गाठ आपण सोडू नये, उलट ती अधिक घट्ट करावी, असा त्यांचा निर्वाळा झाला.

दुसरा प्रश्न मात्र सुटेना. पुष्कळ दिवस प्रार्थना करूनही वाट सापडेना. सर्वांनी तीस-चाळीस दिवस एखाद्या एकांतस्थळी जावे काय, की तिघाचौघांना पाठवावे, असाही विचार झाला. अखेर रोममध्येच राहावे असे ठरले. शहर सोडले तर लोकांत नाना तर्ककुतर्क उठतील आणि पापनिवेदन, प्रवचन व इतर सेवा ह्यांत खंड पडेल, ही कारणे त्यांनी दिली. म्हणून अर्धा वेळ विचारविनिमयाला आणि अर्धा वेळ सेवेला, अशी वाटणी त्यांनी केली. प्रार्थनेसाठी गरिबांना वाऱ्यावर सोडले नाही, आणि सेवेच्या सबबीवर प्रार्थनाही टाळली नाही.

त्यांनी स्वतःला तीन पथ्ये घालून घेतली. पहिले असे की, प्रत्येकाने प्रार्थना, मिस्सा व मनन ह्यांद्वारे आपले मन पवित्र आत्म्याच्या शांतीत स्थिर करावे आणि हुकूम करण्यापेक्षा आज्ञा पाळण्याकडे त्याचा कल ठेवावा. दुसरे, ह्या विषयावर कोणी कोणाशी खाजगीत बोलू नये, कोणाचे मन वळवू नये; देवाकडून जे उमगेल तेच प्रत्येकाने बैठकीत आणावे. तिसरे, आपण ह्या मंडळीतले नाही, त्रयस्थ आहोत, असे समजून प्रत्येकाने विचार करावा.

त्यानंतर चर्चेची रीतही त्यांनी अशीच कसोशीने आखली. एके दिवशी प्रत्येकाने आज्ञापालनाच्या व्रताविरुद्ध काय काय वाटते एवढेच सांगावयाचे, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्याच्या बाजूने काय वाटते तेच मांडावयाचे. म्हणजे एक पक्ष विरुद्ध दुसरा पक्ष, अशी विभागणीच उरली नाही. प्रत्येकजण आज विरोधात बोलला आणि उद्या बाजूने. व्रताविरुद्ध आलेली कारणे वजनदार होती. संन्यस्त जीवन व आज्ञापालन ह्यांचे नाव त्या काळी लोकांत बरेच खराब झाले होते. पोप आपल्याला एखाद्या जुन्या संघाच्या नियमात बसवतील, ही धास्ती होती. आणि ह्या व्रताच्या भीतीने पुष्कळ चांगली माणसे दूर राहतील, असेही वाटत होते. बाजूने आलेले एक कारण फार व्यवहारी होते: कोणा एकावर जबाबदारी नसेल, तर प्रत्येकजण भार दुसऱ्यावर ढकलील आणि आवश्यक कामे तशीच पडून राहतील. दूरदूर पांगलेला देह तर आज्ञापालनावाचून टिकणारच नाही, असेही त्यांना दिसून आले. शेवटी एकही मत विरुद्ध न पडता त्यांनी आज्ञापालनाचा निर्णय घेतला. १५ एप्रिल रोजी फेबर ह्यांनी अर्पण केलेल्या मिस्सेत सर्वांनी त्यावर शिक्कामोर्तब केले.

पुढील बारीकसारीक बाबींचा विचार २४ जूनपर्यंत, संत योहान बाप्तिस्ता ह्यांच्या जन्मोत्सवापर्यंत, चालला. त्यात सारेच एकमताने झाले असे मात्र नव्हे. मुलांना चाळीस दिवस धर्मशिक्षण देणे व्रताने बंधनकारक करावे काय, ह्या मुद्द्यावर बोबादिया ह्यांचे मत वेगळे पडले. म्हणून ते मंडळीतून निघून गेले नाहीत, आणि कोणी त्यांना घालविलेही नाही. ३ सप्टेंबर १५३९ रोजी पोप तिसरे पॉल ह्यांनी तोंडी मान्यता दिली आणि २७ सप्टेंबर १५४० च्या आज्ञापत्राने येशूसंघ विधिवत स्थापन झाला.

ह्या तीन महिन्यांचे मोल पुढे कळले. पोर्तुगालच्या राजाने हिंदुस्थानासाठी माणसे मागितली. नेमलेले बोबादिया आजारी पडले आणि मार्च १५४० मध्ये त्यांच्या जागी झेवियर ह्यांना एका दिवसाच्या सूचनेवर निघावे लागले. जाण्यापूर्वी त्यांनी संघप्रमुखाच्या निवडीसाठी आपले मत लिहून ठेवले. ते इग्नेशियस ह्यांच्या बाजूने होते. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. १५४८ साली ते आपल्या वसईतही येऊन गेले. रोमच्या सहचरांची व त्यांची ह्या जन्मी पुन्हा भेट झाली नाही. परंतु १५४६ साली अंबोइना बेटावरून लिहिलेल्या पत्रात ते कळवितात की, सहचरांच्या पत्रांतून त्यांच्या हातच्या सह्या कापून घेऊन, आपल्या व्रताच्या मजकुरासह, त्या आपण सतत जवळ बाळगतो. हजारो कोसांवर एकट्याने फिरणारा हा प्रेषित एकटा नव्हता, तो असा. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ त्यांना मरण आले. ही वार्ता रोमला पोहोचली नव्हती. म्हणूनच १५५३ च्या जूनमध्ये इग्नेशियसनी त्यांना परत बोलावणारे पत्र लिहिले. तोपर्यंत ह्या प्रेषिताला देवाघरी जाऊन सहा महिने लोटले होते. पुढे ह्याच संघाने १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स ह्यांना गोव्यात पाठविले आणि १६१६ साली मराठीला 'ख्रिस्तपुराण' लाभले. १५३९ च्या त्या बैठकीचे ऋण आपल्या भाषेवरही आहे, ते असे.

ह्या माणसांना देवदूत ठरविण्याचे कारण नाही. पोर्तुगालमध्ये रॉड्रिग्ज ह्यांच्या कारभारामुळे मोठी अडचण उभी राहिली आणि १५५२ साली त्यांना प्रांतप्रमुखपदावरून दूर करावे लागले. इग्नेशियस ह्यांच्या मृत्यूनंतर, १५५७ साली, बोबादियांनी संघाच्या घटनेविरुद्ध जोरदार तक्रार केली. तरीही हे दोघे अखेरपर्यंत येशूसंघातच राहिले आणि तेथेच त्यांनी देह ठेवला. प्रार्थनेतून जुळलेल्या सहकार्यात भांडण होत नाही असे नव्हे. त्यात भांडण झाले तरी घर मोडत नाही.

मग आपण ह्यातून काय घ्यावे? त्या दहा जणांचे पांडित्य किंवा त्यांचे संतपण आपल्याला उसने आणता येणार नाही; त्यांची रीत मात्र आणता येईल. एखाद्या महत्त्वाच्या प्रश्नावर निर्णय घेण्यापूर्वी धर्मग्राम परिषदेच्या सभासदांनी आठवडाभर तो विषय पवित्र साक्रामेंतासमोर न्यावा. त्या आठवड्यात कोणी कोणाच्या घरी जाऊन मते जमवू नयेत. सभेत आधी सर्वांनी अडचणी सांगाव्यात, मग सर्वांनी लाभ सांगावेत. निर्णय प्रलंबित आहे म्हणून आजाऱ्याची भेट किंवा गरजूची मदत थांबू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस हे येशूसंघातूनच आलेले पहिले पोप. त्यांनी २०२३ व २०२४ साली रोममध्ये भरविलेल्या सिनडमध्ये बिशप, धर्मगुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक एकाच गोल मेजाभोवती बसले आणि बोलण्यामध्ये मौन व प्रार्थना ह्यांना जागा देण्यात आली. १५३९ सालच्या त्या घरातील उजेडच तेथे पोहोचला होता, असे आम्हांस वाटते. फेबर ह्यांना संतपद बहाल करणारे पोपही फ्रान्सिसच, हे २०१३ सालचे.

आपल्याही मंडळ्या पांगणारच आहेत. धर्मगुरूंची बदली होते, मुलगे-मुली नोकरीसाठी दूर जातात, वडीलधारी देवाघरी जातात. पांगणे टाळणे कोणाच्या हाती नाही. पांगण्याआधी प्रभूच्या सहवासात एकत्र बसणे, हे मात्र प्रत्येक धर्मग्रामाच्या हाती आहे.