प्रार्थनाफेरी

प्रार्थनाफेरी : आपल्या वस्तीतून पायी चालत, वाटेत लागणाऱ्या घरांसाठी, शाळांसाठी, दुकानांसाठी मध्यस्थीची प्रार्थना करण्याची ख्रिस्ती रीत. मंडळीत तिला बहुधा ‘प्रेअर वॉक’च म्हणतात. सभासद दोघे-दोघे किंवा तिघे-तिघे निघतात, डोळे उघडे ठेवून हलक्या आवाजात प्रार्थना करतात आणि तासाभराने परत येतात. बॅनर, वाद्ये, पत्रके यांचे तिच्यात काम नसते. पाहणाऱ्याला दोन-तीन माणसे फेरफटका मारताना दिसतात, इतकेच.

चालत प्रार्थना करणे ख्रिस्ती परंपरेत जुनेच आहे. पाचव्या शतकात गॉल प्रांतातील व्हिएन येथे भूकंप आणि आगींनी लोक हवालदिल झाले, तेव्हा बिशप मामर्तुस याने इ. स. 470 च्या सुमारास विनवणीच्या मिरवणुका सुरू केल्या. पुढे त्या पिकांसाठी शिवारातून निघू लागल्या. कॅथलिकांची चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट याच कुळातली. आजची प्रार्थनाफेरी मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस इव्हँजेलिकल मंडळ्यांत रुजली. स्टीव्ह हॉथॉर्न आणि ग्रॅहम केंड्रिक यांच्या 1993 च्या पुस्तकाने तिचा बराच प्रसार झाला.

महाराष्ट्रात तिच्याआधी भजनाची वाट तयार होती. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, आणि 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारला. ईस्टरच्या पहाटे मराठी मंडळ्यांच्या प्रभातफेऱ्या निघतात, त्यांत हा वारसा ऐकू येतो. प्रभातफेरी लोकांनी ऐकावी म्हणून असते. प्रार्थनाफेरीला श्रोता नको असतो. दोन्हींत चालणारी माणसे पुष्कळदा तीच असतात, हा भाग वेगळा.

आजची फेरी प्रत्यक्षात कशी निघते, याचे एक उदाहरण पाहू. पनवेलजवळची खांदा कॉलनी ही सिडकोने आखलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिमेकडील वसाहत. 2016 पासून ती पनवेल महानगरपालिकेत आहे. अशा वसाहतीत फेरीची आखणी सोपी, कारण सेक्टर आधीच पाडलेले असतात आणि प्रत्येक जोडीला एकेक वाटून देता येतो. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन नाव-गाव विचारतो, म्हणून आत न शिरता कंपाउंडच्या भिंतीलगत चालणे बरे. सेक्टर 11 मधील चांगू काना ठाकूर महाविद्यालयापाशी विद्यार्थ्यांसाठी, हार्बर मार्गावरील खांदेश्वर स्थानकापाशी पहाटेची लोकल गाठणाऱ्यांसाठी, दवाखान्यासमोर आजाऱ्यांसाठी, अशी विषयांची निवड वाटच करून देते. नवी मुंबईत मराठी, मल्याळी, तमिळ, हिंदी मंडळ्या भाषेनुसार वेगळ्या भरतात; फेरीत मात्र प्रत्येकाने आपल्या भाषेत पुटपुटले तरी चालते.

वसाहतीजवळच खांदेश्वराचे मंदिर आणि तलाव आहे, आणि खरा वाद तिथे उभा राहतो. अमेरिकी लेखक सी. पीटर वॅग्नर यांच्या विचाराच्या मंडळ्या शहरांचे ‘आध्यात्मिक नकाशे’ काढतात आणि इतरांची पूजास्थाने म्हणजे सैतानाचे गड समजतात. यहोशवाने यरीहोला सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात फेऱ्या घातल्या, तो दाखला अशा वेळी पुढे येतो. पण त्या कथेच्या शेवटी गाव बेचिराख होते. शेजाऱ्यांत फिरणाऱ्याने हा दाखला उचलू नये. बाबेलात नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने पाठवलेले पत्र अधिक कामाचे आहे. घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात तुम्हांला नेले त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय. सिडकोच्या सेक्टरांत बाहेरगावाहून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांना तो समजावून सांगावा लागत नाही.

ख्रिस्ती धर्मपंडितांनीही गडांच्या भाषेवर टीका केली आहे, आणि धर्मांतराच्या संशयाचे वातावरण असताना ती भाषा भारतात महागात पडते. त्यामुळे समंजस पाळक निघण्यापूर्वीच बजावतात : कुणाच्या दारापुढे थांबून राहू नका, घरांचे फोटो काढू नका, कुणी विचारले तर काय करतो आहोत ते सरळ सांगा. परतल्यावर चहाबरोबर प्रत्येक जण वाटेत काय दिसले ते सांगतो : बंद पडलेले दुकान, एकटे राहणारे आजी-आजोबा, तुंबलेले गटार. पहिल्या दोन गोष्टी पुढच्या प्रार्थनेत येतात. गटाराची तक्रार महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जाते.