राखेचे वर्ष : दुवा आणि तदबीर



२२ जुलै २०२१ रोजी कोकणातील चिपळूण आणि महाड ही शहरे पुराच्या पाण्याखाली गेली. पुढे शाळा भरल्यावर एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हा त्या लोकांवर आलेला अल्लाहचा अजाब होता काय?” त्या वेळी मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. आज इतिहासाच्या आधारे ते देण्याचा प्रयत्न करीत आहे.

हिजरी सन १८, म्हणजे इ. स. ६३९ मधील ही हकीकत आहे. दुसरे खलिफा हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीत हिजाज प्रांतात सुमारे नऊ महिने पाऊस पडला नाही. जमीन करपून राखेच्या रंगाची झाली. म्हणून अरब इतिहासकार त्या वर्षास ‘आमुर्रमादा’, अर्थात राखेचे वर्ष, असे म्हणतात. वाळवंटातील टोळ्या अन्नासाठी मदिनेत येऊन दाखल झाल्या.

अशा वेळी खलिफांनी काय केले? भुकेलेल्यांची पापे मोजली नाहीत. आपल्या हातून या उम्मतीचा नाश होऊ नये, अशी दुवा ते रात्री रडून मागत. प्रथम त्यांनी स्वतःकडे पाहिले. लोकांना मिळत नाही तोवर तूप आणि मांस आपणही खाणार नाही, असा निश्चय त्यांनी केला व तो पाळला. नुसत्या तेलावर राहून त्यांच्या चेहऱ्याचा रंग काळवंडला.

परंतु ते केवळ दुवा मागून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी सुभेदारांना पत्रे धाडली. शामहून हजरत अबू उबैदा (रजि.) चार हजार उंटांवर धान्य घेऊन आले, असे तबरी यांनी नमूद केले आहे. मदिनेत मोठमोठ्या देगा चढल्या. जेवणाऱ्यांची मोजदाद झाली, तेव्हा ते सात हजार भरले. जे येऊ शकत नव्हते, त्या आजाऱ्यांची आणि बायकामुलांचीही खलिफांनी गणती करविली. ती चाळीस हजार झाली, अशी इब्न सअद यांची नोंद आहे. त्या वर्षी जकातीची वसुली पुढे ढकलण्यात आली आणि भुकेपोटी चोरी करणाऱ्यास हात तोडण्याची सजा दिली गेली नाही.

मग प्रेषितांचे चुलते हजरत अब्बास (रजि.) यांना सोबत घेऊन पावसासाठी सार्वजनिक दुवा करण्यात आली. पाऊस पडला. टोळ्यांना शिधा देऊन त्यांच्या मुलखात परत पाठविण्यात आले.

त्याच सुमारास शाम प्रांतात अमवासच्या प्लेगने हाहाकार माजविला होता. तिकडे निघालेले खलिफा सरग येथून माघारी फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता काय, असे अबू उबैदांनी विचारले असता, आपण एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच जात आहोत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. साथीच्या गावात जाऊ नये आणि तेथे असल्यास बाहेर पडू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी तेव्हा सर्वांना सांगितली. २०२० साली ईदची नमाज आपण घरीच अदा केली, तेव्हा हीच शिकवण आपल्या कामी आली.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. प्लेगने मरण पावलेला, पाण्यात बुडालेला आणि पडझडीखाली सापडलेला मोमिन शहीद होय, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. ज्यांना दीनने शहीदाचा दर्जा दिला, त्यांना गुन्हेगार ठरविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

मुलांनो, संकट आले तर दुवा जरूर करा, तौबा करावयाची तर ती स्वतःच्या चुकांची करा. आणि त्यानंतर उठून आपल्या मोहल्ल्यात पाहा की देगेपर्यंत चालत येऊ न शकणारा कोण घरात राहिला आहे. त्याचे ताट त्याच्या दारी पोहोचविणे, हे काम तुमचे आहे.