प्ले कोण दाबतंय?

ऑडिओतले माझे "अं... म्हणजे..." कापून टाकलेत, बाकी जे बोललो ते जवळपास तसंच इथे लिहिलंय. थोडक्यात, हा मजकूरही शंभर टक्के लाइव्ह नाही. आजचा विषय बघता हे आधीच सांगितलेलं बरं.

साल २०१२, जून महिना. कॅनडाचा जोएल झिमरमन, म्हणजे मोठ्ठं उंदराचं हेल्मेट घालून हजारोंच्या गर्दीसमोर वाजवणारा डेडमाऊस, आपल्या टम्बलरवर लिहून मोकळा झाला की आम्ही सगळे स्टेजवर प्लेच दाबतो. एबल्टनची थोडीफार ओळख असलेल्या कुणालाही तासभर शिकवलं, तर मी स्टेजवर जे करतो ते तोही करेल, असंही त्याचं म्हणणं होतं. त्याच सुमारास तो 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर होता, त्यामुळे आग चांगलीच पसरली.

त्याचं कारण तांत्रिक होतं आणि मला ते पटतं. एवढ्या मोठ्या शोमध्ये लाइट्स, मागचा व्हिडिओ, त्याच्या डोक्यावरचे एलईडी, सगळं एकाच टाइमकोडला बांधलेलं असतं. गाणं ठरलेल्या सेकंदाला ठरलेल्या जागी पोचलं नाही तर अख्खा डोलारा बिघडतो. मग मनात आलं म्हणून चार मिनिटं आलाप वाढवायची सोय राहत नाही. माझं कौशल्य स्टुडिओत दिसतं, स्टेजवर नाही, असा त्याचा एकूण सूर.

चाहत्यांचे सरळ दोन तट पडले. एक म्हणे, निदान खरं बोलला. दुसरा म्हणे, मग तिकिटाचे पैसे कशाचे? डीजे मंडळीही चिडली. ए-ट्रॅक नावाचा डीजे, जो १९९७ साली वयाच्या पंधराव्या वर्षी डीएमसी स्पर्धेचा जगज्जेता झाला होता, त्याने लेख लिहून उत्तर दिलं की सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमच्यातले काही जण हाताने तबकडी फिरवतात, समोरच्या गर्दीकडे बघून पुढचं गाणं ठरवतात.

मी तेव्हा शाळेत होतो. हा वाद माझ्यापर्यंत पोचला इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर, चांगला तीन-चार वर्षं शिळा होऊन, आणि तरी रात्री दोनपर्यंत पुरला. पण तो २०१२ चा नाहीच. सत्तरहून जास्त वर्षं जुना आहे.

पॅरिस, १८ मार्च १९५०. एकोल नॉर्मल द म्युझिक या संगीतशाळेत पिएर शेफेर या रेडिओ इंजिनीअरने (हो, आपल्याच बिरादरीतला!) 'म्युझिक काँक्रीट'चा पहिला जाहीर कार्यक्रम केला. आगगाडी, भांडी, दारं, माणसाचा आवाज असले रेकॉर्ड केलेले ध्वनी कापून-जोडून केलेलं संगीत. ते आधीच तयार होतं. मग स्टेजवर काय? लाउडस्पीकर. आता कल्पना करा, नटूनथटून आलेले लोक खुर्चीत बसलेत आणि समोर खोकी. टाळ्या कुणाला द्यायच्या?

त्यावर १९५१ मध्ये एक उपाय निघाला, तो मला फार आवडतो. शेफेरचा सहकारी जाक पुलॅं याने एक यंत्रणा बनवली. स्टेजवर तारांची मोठमोठी वेटोळी, मध्ये एक माणूस, त्याच्या हातात छोटी कॉइल. तो हात हलवेल तसा आवाज सभागृहात इकडून तिकडे सरकणार. सूर टेपवरचेच, पण ते कुठून ऐकू यायचे हे त्या क्षणी त्याचा हात ठरवणार. टेपमधून सुटलेलं एवढंसं काम माणसाला मुद्दाम परत दिलं. आजचा डीजे फिल्टरचं बटण फिरवताना हात हवेत नेतो ना, त्याचे हे खापरपणजोबा.

क्राफ्टवर्क मात्र उलट्या वाटेने गेले. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फचे राल्फ ह्युटर आणि फ्लोरियान श्नायडर यांनी १९७० मध्ये हा गट काढला. १९७८ साली 'द मॅन-मशीन' अल्बम आला तेव्हा त्यांनी पत्रकारांसमोर स्वतःसारखे दिसणारे पुतळे उभे केले. पुढे 'द रोबॉट्स' हे गाणं सुरू झालं की स्टेजवर रोबॉटच, माणसं गायब. आणि लोक खूश! कुणीही पैसे परत मागितले नाहीत. कारण लपवलेलं काही नव्हतंच. 'आम्ही यंत्रं आहोत' हाच तर त्यांचा विषय.

१९८१ च्या दौऱ्यासाठी तर त्यांनी आपला क्लिंग क्लांग स्टुडिओच अशा पद्धतीने बांधून घेतला की तो उचलून स्टेजवर मांडता यावा. आणि 'पॉकेट कॅल्क्युलेटर' हे गाणं आलं की चौघेही हातातली चिमुकली यंत्रं घेऊन स्टेजच्या कडेला यायचे आणि पुढच्या रांगेतल्या लोकांना बटणं दाबू द्यायचे. म्हणजे डेडमाऊसच्या तीस वर्षं आधी "बटण काय, तुम्हीसुद्धा दाबाल" हे यांनी हसत हसत करून दाखवलं होतं. त्यावर कुणी भांडलं नाही.

इंग्लंडचा मामला वेगळा. तिथे 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात ओठ हलवायचे आणि रेकॉर्ड वाजवायची असा सर्रास रिवाज. न्यू ऑर्डरने १९८३ मध्ये हट्ट धरला, 'ब्लू मंडे' आम्ही खरंखुरं वाजवणार. सिक्वेन्सर आणि ड्रम मशीनवर उभं असलेलं गाणं, ते त्या काळी लाइव्ह वाजवणं म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर डिप्लॉय करण्यासारखं. यंत्रं रुसली, गाणं लंगडत पार पडलं. त्यानंतर ते चार्टमध्ये खाली घसरलं, असं बँडचेच लोक सांगतात. नऊ वर्षांनी, १९९२ मध्ये, त्याच कार्यक्रमात 'द ऑर्ब' आले. त्यांचं 'ब्लू रूम' ३९ मिनिटं ५७ सेकंदांचं, कारण ४० मिनिटांच्या वर गेलं तर ते सिंगल धरत नसत. टीव्हीवर त्याचा तुकडा वाजत राहिला आणि हे दोघं समोर बसून शांतपणे बुद्धिबळ खेळले. वाजवण्याचं नाटक करायला साफ नकार! प्रामाणिकपणाचे हे दोन नमुने, एक घाम गाळून, एक प्यादं सरकवून. मला दुसरा जास्त भावतो.

पण या हसण्या-खिदळण्याला दुसरी बाजू आहे, ती पोटाची. १९८२ मध्ये बॅरी मॅनिलोच्या ब्रिटन दौऱ्यात वाद्यवृंदाच्या जागी सिंथेसायझर वापरले गेले, तेव्हा तिथल्या म्युझिशियन्स युनियनच्या मध्य लंडन शाखेने सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर बंदीच मागितली. संघटनेने ती काही लागू केली नाही आणि आज आपण त्या मागणीला हसतो. पण ज्याचं व्हायोलिन त्या रात्री घरी राहिलं, त्याच्यासाठी 'लाइव्ह म्हणजे काय' हा फॅन लोकांचा टाइमपास नव्हता.

आता मुंबईत येऊ, कारण नेमक्या त्याच साली, १९८२ मध्ये, मुंबईत एक रेकॉर्ड निघाली. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन अशा सगळ्यांकडे वाजवलेले, पण पडद्यामागचे. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रं घेतली: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. त्यांवर भैरवी, ललित, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. रेकॉर्ड चालली नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोत त्याच ३०३ चा कर्कश, वळवळणारा आवाज घेऊन 'फ्युचर' या गटाने 'अॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि जगाने त्याला अॅसिड हाउस म्हटलं. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलने चरणजितांची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हा युरोपातल्या जाणकारांना धक्काच बसला. काहींना चक्क संशय आला की हा बनाव आहे, आजच्याच कुणीतरी करून जुनी तारीख चिकटवलीय. यंत्राने वाजवलेलं संगीत खरं की खोटं हे विचारून झालं होतं, आता यंत्र वाजवणारा माणूसच खरा की खोटा इथवर गाडी आली!

माणूस खरा होता. सत्तरी ओलांडलेले चरणजित त्यानंतर युरोपात स्टेजवर गेले, सोबत यंत्रं सांभाळायला एक डच संगीतकार. ठेका यंत्राचा, राग हाताचा. जुलै २०१५ मध्ये ते गेले.

मला यात टोचतं ते वेगळंच. त्यांच्या पिढीतल्या वादकांनी, त्यात किती तरी गोव्याचे, ज्या सिनेसंगीतासाठी आयुष्य घातलं, तिथे पुढे प्रोग्रॅमिंग आलं आणि पन्नास माणसांचं काम एका खोलीत होऊ लागलं. आणि जेव्हा ती पन्नास माणसं होती, तेव्हा तरी त्यांची नावं कुणाला ठाऊक होती? 'लाइव्ह ऑर्केस्ट्रा गेला हो' म्हणून आज हळहळणाऱ्यांना मी विचारतो, त्यातले पाच वादक सांगा. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशी दोन नावं कशीबशी निघतात, आणि तीही अॅरेंजर म्हणून.

नावाचाच प्रश्न आहे हा, असं माझं मत होत चाललंय. आपल्याकडे पडद्यावर नटी ओठ हलवते आणि गाते दुसरीच, यात कुणाला फसवणूक वाटत नाही. पण १९४९ च्या 'महल'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी', म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. लोक रेडिओला विचारू लागले, ही गाणारी खरी कोण? मग लता मंगेशकरांचं नाव सांगितलं गेलं. आवाज उसना आहे याला ऐकणाऱ्यांची हरकत नव्हती. तो कुणाचा, एवढंच त्यांना हवं होतं. आता मिली व्हॅनिली आठवा. दोघं देखणे तरुण, गाणारे भलतेच, आणि रेकॉर्डवर नावं मात्र या दोघांची. नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांचं ग्रॅमी काढून घेतलं. ओठ हलवण्याची क्रिया दोन्हीकडे तीच होती.

गोव्याचं उदाहरण तर मजेदार आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात हणजुण्याच्या किनाऱ्यावर गोवा गिल वगैरे मंडळी रात्रभर वाजवायची ती कॅसेटवर, नंतर डॅट टेपवर. दमट, उष्ण हवेत विनाइल तबकड्या वाकायच्या. डॅटवर वेग कमी-जास्त करता येत नाही, म्हणजे क्लबमधला डीजे ज्याला कौशल्य मानतो ते ठेक्याला ठेका जुळवणं तिथे शक्यच नव्हतं. अक्षरशः प्ले दाबणं! पण सूर्य उगवायच्या वेळी कुठली टेप लावायची, हे त्या रात्रीच्या गर्दीकडे बघूनच ठरायचं. माझ्या लेखी ते लाइव्ह आहे. हात काही करत नसेल, पण निर्णय तिथेच होतोय. आणि उलट, बंद असलेल्या मिक्सरची बटणं फिरवत घाम पुसणारा माणूस लाइव्ह नाही.

शेवटी आमच्या धंद्यातला एक प्रकार सांगतो. २००४ मध्ये हॅम्बुर्गमध्ये काही प्रोग्रॅमर-संगीतकारांनी 'टॉपलॅप' नावाची संघटना काढली. त्यांची मागणी साधी: तुमची स्क्रीन दाखवा. लॅपटॉपमागे तोंड लपवून ईमेल वाचताय की संगीत करताय, आम्हाला कसं कळणार? म्हणून हे लोक स्टेजवर कोड लिहितात आणि तो कोड मागच्या भिंतीवर सगळ्यांना दिसतो. ओळ बदलली की ठेका बदलतो. त्यासाठी टायडलसायकल्स नावाची एक प्रणाली आहे, हॅस्केल भाषेवर उभी. हॅस्केल शिकताना ज्यांनी डोकं आपटलंय त्यांनी विचार करा, तेच काम नाचणाऱ्या गर्दीसमोर!

यूट्यूबवर 'अल्गोरेव्ह' शोधा आणि एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. कधीतरी कुणाचा तरी कंस बंद करायचा राहतो, पडद्यावर एरर उमटतो, आणि मागचा जुना ठेका तसाच वाजत राहतो. वाजवणारा कंस शोधतोय, समोरचे लोक नाचता नाचता भिंतीवरचा कोड वाचतायत.