कात्रीने घडवलेला एल्म

कुंडीतल्या झाडाला वळण द्यायचं तर फांदीला तार गुंडाळायची, अशीच बोन्सायची सर्वत्र ओळख आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंग प्रांतात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तारेला बाजूला ठेवून केवळ कात्रीवर विसंबणारी लिंगनान शैली घडली. ग्वांगचौचे खोंग ताइछू आणि तिथल्याच हायछ्वांग मठातले भिक्खू सू रन ही तिची दोन मोठी नावं. खोंग यांची झाडं डेरेदार आणि भक्कम, तर सू रन यांची उंच, सडसडीत, मोजक्याच फांद्यांची. या शैलीचं मूळ चित्रकलेत सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. 1679 पासून छापल्या गेलेल्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रपाठात निष्पर्ण फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या, खेकड्याच्या नांग्यांसारख्या काढायला शिकवलं आहे, आणि लिंगनानच्या फांद्या तशाच कोनाकोनाने वळतात. पण कागदावरची रेघ कुंडीत उतरवायची तर झाडाने साथ द्यायला हवी. माझ्या मते या शैलीचं अर्धं श्रेय चिनी एल्मला जातं. आपल्या वावळ्याच्या कुळातलंच हे झाड.

खोड बुंध्याशी रुंद, वर निमुळतं आणि मुळं चहूबाजूंना पसरलेली असा जुना खुंट डोंगरातून खणून आणत आणि आखूड कापत. एल्मच्या जुन्या, उघड्या लाकडातूनही भरपूर फूट येते. त्यातली हवी तेवढीच ठेवून बाकीची काढायची. राखलेली काडी खोडाला शोभेल इतकी जाड होईपर्यंत मोकळी वाढू द्यायची आणि मग एक-दोन डोळे राखून छाटायची. एल्मची पानं आळीपाळीने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे येतात. त्यामुळे शेवटचा डोळा ज्या बाजूचा, त्याच बाजूला पुढची फांदी वळणार हे माळ्याला छाटतानाच कळतं. नवी काडी जाड झाली की पुन्हा तेच. प्रत्येक पेर आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड ठेवत नेलं की वर्षानुवर्षांनी कोवळ्या फांदीलाही म्हाताऱ्या झाडाचा बाक येतो. तारेने वळवलेल्या फांदीला असे तीक्ष्ण कोन सहसा येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, एल्म यांगचौ या चिनी शहरातही होता. तिथे माडवर्गीय झाडाच्या तंतूंनी फांद्या बांधून त्यांचे ढगांसारखे सपाट थर का केले? आक्षेप रास्त आहे. झाड एकटं शैली घडवत नाही. यांगचौचे माळी वेगळ्या सौंदर्यदृष्टीत वाढले होते, आणि तिथला हिवाळा झाडाची वाढ थांबवतो. ग्वांगदोंगमध्ये वाढीचा काळ लांब असतो, म्हणून काडी लवकर जाड होते आणि एका आयुष्यात पुरेशा छाटण्या साधतात. दुसरा आक्षेप कुंती या झाडाचा. लिंगनानचे माळी तिलाही याच रीतीने घडवतात, मग एल्मचं विशेष ते काय? पण कुंतीही जुन्या लाकडातून सहज फुटते. उलट पाईनला पानं नसलेल्या जुन्या लाकडावर सहसा फूट येत नाही आणि तिथे नुसती कात्री अपुरी पडते. म्हणजे रीत चालते ती झाडाच्या फुटण्याच्या गुणावर, आणि एल्ममध्ये तो गुण भरभरून आहे. हाँगकाँगचे बँकर वू यी-सुन यांच्या 1969 च्या पुस्तकामुळे ही पद्धत इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली. थंड देशांत वाढीचा काळ आखूड, म्हणून तिथले अनेकजण एल्मच्या मुख्य फांद्यांना तारेने दिशा देतात आणि बारीक फांद्यांसाठी कात्री वापरतात.