म्यान शिवणारे हात

जुल्फिकार आणि भवानी ही तलवारींची नावे शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. त्यांची म्याने कोणी शिवली, हे मात्र कोणी विचारत नाही. आपल्याकडे हत्यार धरणाऱ्याचा इतिहास लिहिला गेला. हत्यार करणाऱ्याचा फारसा नाही, आणि चामड्याला हात लावणाऱ्याचा तर त्याहून कमी.

म्यान हा शब्द फारसीतून आला. तलवारीचे जुने म्यान बहुधा दोन पातळ लाकडी पट्ट्या जोडून करत आणि त्यावर चामडे किंवा मखमल चढवत. तोंडाशी धातूची मुहनाल, टोकाशी तहनाल. सुरी-कट्यारीचे म्यान नुसत्या चामड्याचेही चाले. आज नवशिक्याने हे काम हाती घ्यायचे तर सुरुवात त्या साध्या म्यानापासूनच करावी.

त्यासाठी चामडे सालीवर कमावलेले हवे. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा हा जुना मसाला. असे चामडे पाण्यात भिजवले की मऊ होते, पात्याभोवती दाबून ठेवले की सुकताना तोच आकार धरते. (पाते आधी तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर गंजेल.) क्रोममध्ये कमावलेले मऊ चामडे तसा आकार धरत नाही. दुसरी गोष्ट पट्टीची. चामडे दुमडून सरळ शिवले तर धार दोऱ्यावर येते आणि काही दिवसांत टाके कापते. म्हणून धारेच्या बाजूला दोन थरांमध्ये चामड्याचीच एक अरुंद पट्टी घालतात. मग आरीने समान अंतरावर भोके पाडायची आणि एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून समोरासमोरून शिवायचे. एक टाका तुटला तरी बाकीची शिवण उसवत नाही.

या टाक्याला इंग्रजीत खोगिराच्या नावाने ओळखतात. खोगीर, म्हणजे फारसीत झीन. झीन करणारा तो झीनगर, आपला जिनगर. घोडदळावर उभ्या राहिलेल्या मराठी राज्याला हा कारागीर किती लागत असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. तरीही एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या न्हाव्यांनी जिनगरांची हजामत करायला नकार दिला. जिनगर कोर्टात गेले. कातडे कमावणाऱ्या ढोरांच्या आणि ते शिवणाऱ्या चांभारांच्या वाट्याला काय आले, ते वेगळे सांगायला नको.

हे वाचून आपण मुसलमानांनी मान ताठ करण्याआधी थोडे थांबावे. धर्माचे म्हणाल तर गोष्ट स्पष्ट आहे. उम्मुल मोमिनीन मैमूना (रजि.) यांच्या घरातली एक बकरी मेली होती. तिचे कातडे कमावून वापरले का नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले. ती मेलेली होती, असे उत्तर आले, तेव्हा हराम आहे ते तिचे खाणे, असे त्यांनी सांगितले. बुखारी आणि मुस्लिम, दोन्हींत ही हदीस आहे. त्यांच्या पत्नी जैनब बिन्त जहश (रजि.) स्वतः कातडे कमावत, शिवत आणि ती कमाई दानात देत. चामड्याच्या कामाला याहून मोठी सनद कोणती हवी?

आणि तरी चौदाव्या शतकात दिल्लीचा जियाउद्दीन बरनी कारागिरांना नीच कुळाचे ठरवतो, त्यांना जास्त शिकवू नये असे बजावतो. बरनी गेला, त्याची नजर गेली नाही. सांगली-सातारा-कोल्हापुरात शिकलगार आडनावाची कितीतरी घरे आहेत. अरबीत सैकल म्हणजे घासूनपुसून चकाकी आणणे, त्यावरून हा शब्द. पात्याला धार शिकलगाराची, वर चामडे दुसऱ्या कोणाचे. १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर तलवारी परवान्यात अडकल्या. मागे उरल्या त्या सुऱ्या, कात्र्या आणि विळ्या. ईदच्या आधी सुरीला धार लावून घ्यायला आपण त्यांच्याच दारात जातो, सोयरिकीच्या वेळी मात्र आडनाव विचारतो.

कुर्बानीच्या सुरीला म्यान करायचे तर कुर्बानीच्या बकऱ्याचे कातडे सहसा पुरत नाही, ते पातळ पडते. साधारण तीन मिलिमीटर जाडीचे लागते. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे दुकानात म्हशीचे मागावे. आणि वर्षभर सुरी त्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते, पाते गंजते. तेलाचा हात फिरवून वेगळी ठेवावी.