पुस्तक कोणत्या कपाटात, हे ठरवणार कोण?

बाबासाहेब किती मोठे वाचक होते, हे आपल्या वस्तीतले शाळकरी पोरही सांगते. दादरचे राजगृह पुस्तकांसाठी बांधले, परदेशातून निघालेली त्यांची पुस्तके १९१७ साली बोटीबरोबर समुद्रात बुडाली, हे आपण दर जयंतीला भाषणात ऐकतो. पण एक प्रश्न आपण कधी विचारत नाही. बाबासाहेब ज्या कपाटांतून पुस्तके काढत होते, ती कपाटे लावली कोणी? कोणते पुस्तक कोणत्या विषयाखाली जाईल, हे ठरवणाऱ्या खुर्चीवर कोण बसले होते? आणि आज त्या खुर्चीवर आपण आहोत का?

आम्हाला वाटते, आंबेडकरी चळवळीने वाचक घडवले, लेखक घडवले, वक्ते तर गल्लोगल्ली घडवले. ग्रंथपाल मात्र फारसे घडवले नाहीत. त्याची किंमत आपण मोजतो आहोत.

इतिहास पाहू. ग्रंथपालाचे रीतसर शिक्षण देणारी पहिली शाळा १८८७ साली निघाली ती न्यूयॉर्कच्या कोलंबियात, म्हणजे बाबासाहेबांच्याच कोलंबियात. काढणारा मेल्विल ड्यूई. जगातले सगळे ज्ञान दहा वर्गांत बसवणारे त्याचे दशांश वर्गीकरण १८७६ चे. आजही आपल्या बहुतेक कॉलेजांत पुस्तकाच्या पाठीवर जो आकडा चिकटवलेला असतो, तो त्याचाच. आकडा म्हटला की माणसाला वाटते, हे गणित आहे, यात कसला आला पक्षपात! पण वर्गीकरण म्हणजे उतरंड. कोण मध्यभागी, कोण कोपऱ्यात, कोणाला स्वतंत्र घर आणि कोणाला दुसऱ्याच्या घरात आश्रित म्हणून जागा, हे त्यात आधीच ठरलेले असते. उतरंड म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

या ड्यूईने लेक प्लॅसिड येथे एक क्लब चालवला. त्यात ज्यूंना प्रवेश नव्हता, कृष्णवर्णीयांनाही नव्हता. ज्यू नेत्यांनी तक्रार केली, राज्याच्या शिक्षण मंडळाने ताशेरे ओढले आणि १९०५ साली त्याला न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून पायउतार व्हावे लागले. अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्याचे नाव काढले ते थेट २०१९ साली. त्याच्यावर वंशभेदाबरोबर स्त्रियांशी गैरवर्तनाचेही आरोप होते.

आता याच कोलंबियातून बाहेर पडलेल्या एका बाईची गोष्ट. डोरोथी पोर्टर. जन्म १९०५, व्हर्जिनिया राज्यातला. १९३२ साली त्यांनी कोलंबियातून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. तिथून हे शिक्षण घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय मानल्या जातात. बाबासाहेब तिथे होते १९१३ ते १९१६. दोघांच्याही काळात विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय एकच होते, लो मेमोरियलच्या घुमटाखालचे.

१९३० पासून पोर्टर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीयांविषयीचा ग्रंथसंग्रह सांभाळू लागल्या. या संग्रहाचा पाया म्हणजे जेसी मूरलँड यांनी १९१४ साली दिलेली सुमारे तीन हजार पुस्तके. काम सुरू केल्यावर बाईंच्या लक्षात आले की ड्यूईच्या पद्धतीत काळ्या माणसाला दोनच घरे आहेत. ३२६ म्हणजे गुलामगिरी आणि ३२५ म्हणजे वसाहत. बाकी कुठे तो नाहीच. जेम्स वेल्डन जॉन्सन यांचा कवितासंग्रह असला तरी अनेक गोऱ्या ग्रंथालयांत तो ३२५ मध्येच जायचा. कवी काळा, म्हणून कविता कवितेच्या कपाटात नाही!

पोर्टर यांनी ते मानले नाही. कविता कवितेत, इतिहास इतिहासात, संगीत संगीतात, अशी मांडणी त्यांनी केली. खरेदीला पुरेसा पैसा नव्हता. त्यांनी पुस्तकविक्रेत्यांशी दोस्ती केली, प्रकाशकांना पत्रे लिहिली, लोकांच्या माळ्यांवरची कागदपत्रे मागून आणली.

१९४६ साली आर्थर स्पिंगार्न यांचा मोठा संग्रह विकत घ्यायचा होता. विद्यापीठाचा कोषाध्यक्ष म्हणाला, बाहेरच्या तज्ज्ञाकडून मूल्यांकन करून आणा. पोर्टर लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या दुर्मिळ ग्रंथांच्या गोऱ्या तज्ज्ञाकडे गेल्या. तो म्हणाला, या विषयातले मला काही कळत नाही, अहवाल तुम्हीच लिहा, मी पाठवतो. बाईंनी लिहिला, त्याने पाठवला, कोषाध्यक्षाने तो गोऱ्याचा समजून मान्य केला. ज्ञान बाईंचे, मान्यता गोऱ्या सहीची. आपल्यापैकी ज्यांनी एखाद्या संस्थेत दुसऱ्याच्या नावाने जाणारे अहवाल लिहिले आहेत, त्यांना या प्रसंगाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

पुढे १९६२ ते १९६४ या काळात याच बाई नायजेरियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सल्लागार म्हणून लागोसला काम करत होत्या. नायजेरिया स्वतंत्र होऊन दोनच वर्षे झाली होती. १९७८ साली त्यांनी ब्राझीलच्या कृष्णवर्णीय लेखनाची ग्रंथसूची प्रसिद्ध केली. एका देशात घेतलेले शिक्षण दुसऱ्या खंडात नेले आणि तिसऱ्या खंडातल्या लेखकांची नोंद केली. याला आम्ही करिअर म्हणतो. नुसता व्हिसा आणि डॉलरमधला पगार म्हणजे करिअर नव्हे.

आता आपल्या देशाकडे या. इथेही ही विद्या परदेशातूनच आली. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावले. त्याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले. आणि त्याच बडोद्यात १९१७ साली नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही. राजाने ग्रंथालय उघडले तरी समाजाचा दरवाजा बंदच होता, हे आपण विसरता कामा नये.

मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल रंगनाथन १९२४ साली लंडनला गेले. तिथे शिकले, इंग्लंडमधली ग्रंथालये पाहिली. एका दुकानात मुलांचा मेकॅनो खेळ पाहून त्यांना सुचले की विषयाचेही असे सुटे भाग करून जोडता येतील. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण दिले. हे काम मोठे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, हे त्यांचे सूत्र तर आपलेच वाटावे असे. पण चवदार तळ्याला तेव्हा चारच वर्षे झाली होती आणि काळारामाचा सत्याग्रह चालू होता. ज्याला पाणवठ्यावर आणि शाळेच्या ओट्यावर जागा नव्हती, तो वाचक त्या 'प्रत्येक' मध्ये धरलाच गेला, असे कसे म्हणावे? रंगनाथन यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट ही की परदेशी विद्या शिकून ते तिच्यापुढे वाकले नाहीत, त्यांनी स्वतःची पद्धत उभी केली.

मग आपण काय करायचे? आधी आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात जा आणि कपाटे बघा. मराठी कवितेचा आकडा ८९१.४६१. दलितांविषयीच्या समाजशास्त्रीय पुस्तकांचा ३०५.५६८८. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' यातल्या कोणत्या कपाटात आहे? दया पवारांचे 'बलुतं' साहित्यात आहे, चरित्रात आहे, की 'सामाजिक समस्यां'त? बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ अर्थशास्त्रात आहे, की 'आंबेडकर' असा वेगळा कोपरा करून त्यात टाकून दिला आहे? आढळेल ते लिहून काढा, ग्रंथपालाशी बोला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत आपल्यासाठी पूर्वी 'अनटचेबल्स' हा शब्द होता, आता 'दलित' आहे. शब्द बदलता येतात. पण त्यासाठी ते काम जाणणारी माणसे लागतात.

म्हणून तरुणांना आमचे सांगणे आहे. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षे घालवणाऱ्या प्रत्येकाने नाही, पण काहींनी तरी ही वाट धरावी. बी.लिब., एम.लिब., नेट-सेट करा. वर्गीकरण आणि सूचीलेखन मनापासून शिका, कारण पुढे अभिलेखागार आणि डिजिटायझेशनची सगळी कामे त्यावरच उभी आहेत. बाहेर जायचे असेल तर नियम आधी नीट समजून घ्या. अमेरिकेत ग्रंथपालाच्या बऱ्याच जागांसाठी तिथल्या ग्रंथालय संघटनेची मान्यता असलेली पदव्युत्तर पदवी मागतात. आपली पदवी तिथे आपोआप समकक्ष धरली जात नाही. इंग्रजीबरोबर मराठी आणि जमल्यास पाली पक्की ठेवा. परदेशी विद्यापीठांच्या दक्षिण आशिया संग्रहांत हीच तुमची पुंजी आहे.

आणि सरकारवर नजर ठेवा. २०२२ साली केंद्राने अनुसूचित जातींसाठीच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचे सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. आपल्याच इतिहासाचा अभ्यास करायला आपल्या मुलाने बाहेर जाऊ नये, हा त्याचा सरळ अर्थ. या निर्णयाविरुद्ध बोलत राहिले पाहिजे.

जे जातील, त्यांनी परत वळून पाहावे. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' यांची नावे इतिहासात गेली. पण जलशांच्या हस्तलिखित वह्या, परिषदांची पत्रके, जिल्ह्याजिल्ह्यांतली बंद पडलेली साप्ताहिके, पँथरच्या काळातली हँडबिले अजून कोणाच्या तरी पत्र्याच्या पेटीत वाळवी खाते आहे. म्हातारी माणसे गेली की घर आवरताना ती पेटी रद्दीवाल्याकडे जाते. पोर्टरबाई अशाच पेट्यांसाठी लोकांच्या दारात उभ्या राहिल्या. आपल्या विहाराच्या वाचनालयात एक नोंदवही ठेवून हे काम या रविवारीही सुरू करता येईल. कोणाच्या घरी काय आहे, एवढे तरी आधी लिहून काढू.

जय भीम!